नसलेल्या बाईची साक्ष

ठकीला घरात ठकी म्हणत आणि कॉलेजात खऱ्या नावाने हाक मारत. या दोन वेगळ्याच मुली असाव्यात असं तिला स्वतःलाही अधूनमधून वाटे. कॉलेजातली मुलगी शेवटच्या बाकावर बसून सरांशी वाद घालायची. घरातली मुलगी सांगितलेलं काम मुकाट्याने करायची, कारण घर तिचं नव्हतं, आत्याचं होतं. वडिलांची सतत बदलीची नोकरी, तेव्हा शिक्षणाची ही वर्षं तिने आत्याकडे राहून काढावीत असं मोठ्यांनी ठरवलं. आत्याने तिला पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं. त्यामुळे तर नाही म्हणणं आणखीच अवघड.

आत्याचे यजमान ड्रायव्हिंग स्कूल चालवत. ठकी त्यांना काका म्हणे. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस होतं. टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि दारात दोन लहान पांढऱ्या गाड्या. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेल्या. काकांना गाडीची नस न् नस माहीत होती. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस चढावर गाडी कधी मागे जाऊ देत नसे. पण शिकताना त्याचा जीव अर्धा होई. क्लचवरून पाय पटकन उचलला गेला, आरशात बघायचं राहिलं, की काकांचा आवाज असा चढे की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. काका मनाने वाईट नव्हते. गाडीतून उतरले की त्याच माणसाला चहा पाजत. पण तोवर चहाचा घोट घ्यायची त्याची इच्छा मेलेली असे.

इंटरनेटवर लोकांनी हे सगळं लिहून ठेवलं होतं. ‘शिकवतात उत्तम, फक्त कानात कापूस घालून जा,’ असं एकाने लिहिलं होतं. एका मुलीने काहीच न लिहिता एक स्टार देऊन टाकला होता. त्यातच दोन रस्ते सोडून एका बाईंनी नवं ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि त्यांच्या नावापुढे स्टारच स्टार चमकायला लागले. मग एके दिवशी काका मोबाइल घेऊन ठकीजवळ आले. तुझी भाषा चांगली आहे, तुला कॉम्प्युटर कळतो, तेव्हा आपल्यासाठी चार चांगले रिव्ह्यू लिही, असं म्हणाले. जेवणाच्या टेबलावर वाढून घेताना म्हणाले, म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

ठकीने लिहिले. नुसते लिहिले नाहीत, मन लावून लिहिले. तिने एक निवृत्त बँक अधिकारी तयार केला, जो प्रत्येक वाक्य ‘नमूद करू इच्छितो’ असं संपवायचा. एक कॉलेजचा मुलगा केला, ज्याच्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदी आनंद होता. एकाला मुद्दाम चारच स्टार द्यायला लावले आणि ‘गाडीतला पंखा जरा जोरात हवा’ अशी तक्रार करायला लावली, म्हणजे बाकीचं खरं वाटावं. घरातले जुने मोबाइल, नात्यागोत्यातल्यांची अकाउंट, नवे इमेल, सगळं तिने जुळवलं. लिहिताना तिला हसू येई. काकाही शेजारी बसून हसत. त्यांचं एकमेकांशी इतकं छान कधी जमलंच नव्हतं.

सगळ्यात झकास जमली होती ती पन्नाशीतली बाई. तिच्या नावावर ठकीने लिहिलं होतं: ‘पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकायला गेले. हात थरथरत होते. सरांनी एकदाही आवाज चढवला नाही. महिन्याभरात माझी भीती कुठल्या कुठे गेली. आता मी एकटी गाडी घेऊन जाते आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने येते.’ हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ठकी स्वतःवरच खूश झाली होती.

त्या सुमाराला कॉलेजात कॉम्प्युटरच्या सरांनी एक काम दिलं. आठवडाभर स्वतःच्या बोटांवर लक्ष ठेवायचं. समोर माणूस उभा असताना जे करायला आपण धजावणार नाही, ते पडद्याआडून करतो का, ते बघायचं आणि प्रामाणिकपणे लिहायचं. तास संपायच्या आतच पुढच्या बाकावरच्या एकाने मोबाइलवर मशीनकडून प्रामाणिकपणावर दोन पानं लिहून घेतलीसुद्धा. वर्ग पोट धरधरून हसला.

ठकीने मात्र ते काम मनावर घेतलं. सकाळी उठल्या उठल्या एका ॲपने नव्या अटी दाखवल्या आणि तिने ‘वाचलं, मान्य आहे’वर बोट ठेवलं. दात घासायच्या आत दिवसातलं पहिलं खोटं बोलून झालं. बाकावर डुलकी लागलेल्या मैत्रिणीचा फोटो ग्रुपवर आला, तो तिने पुढे ढकलला. कुणी तिचा तसा फोटो टाकला असता तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता. शेजाऱ्यांचा वाय-फाय पासवर्ड त्यांच्या लहान मुलाकडून गोड बोलून काढला होता, तो अजून चालू होता. लहानसहान गोष्टी. पण चोर दारातून येत नाही, तो आपल्याच बोटांतून शिरतो, असं काहीतरी तिच्या मनात येऊ लागलं. रिव्ह्यूंबद्दल मात्र तिने लिहिलं नाही. ते तर घरचं काम होतं. भांडी घासावीत तसं.

मग त्या आठवड्यातच शिवणक्लासच्या बाई आल्या.

त्या काकांकडे काही आठवडे शिकत होत्या. घरी शिवणक्लास घेत, केस पिकायला लागलेले, साडीच्या पदराला टाचणी खोचून ठेवायची सवय. यजमानांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं, म्हणून गाडी आता आपण चालवायची असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दुपारी काका दुसऱ्या एका मुलाला घेऊन बाहेर गेले होते आणि ऑफिसात ठकी एकटीच बसली होती. बाई आत आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या की आपलं नाव काढून टाका, आपल्याला हे जमणारं नाही.

ठकीने पाणी दिलं. सवयीने म्हणाली की होईल हळूहळू, सगळ्यांना सुरुवातीला जड जातं. बाई मान हलवत राहिल्या. सर ओरडतात त्याचं काही नाही, म्हणाल्या, चूक आपलीच असणार. कारण सर सगळ्यांवर ओरडत नाहीत. मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि ठकीला पडद्यावरचं दाखवलं. ती पन्नाशीतली बाई. शब्द न् शब्द.

“हे वाचून मी इथे आले,” बाई म्हणाल्या. “माझ्याच वयाची आहे. तिच्यावर सर एकदाही ओरडले नाहीत, म्हणजे ती नीट चालवत असणार. मी रोज घरी जाऊन हे वाचते. तुमच्याकडे तिचा नंबर असेल ना? मला तिला फक्त एवढंच विचारायचंय, की तिची भीती नेमकी गेली कशी.”

ठकीने रिकामा ग्लास उचलून घेतला. एखादी थाप मारणं तिला अजिबात अवघड नव्हतं. नंबर देता येत नाही, नियम आहे, असं म्हटलं असतं तर बाई मुकाट्याने उठून गेल्या असत्या. पुढे आयुष्यभर कुणी गाडी शिकायचा विषय काढला की ‘आपल्यात ते नाहीच’ असं म्हणाल्या असत्या. ठकीला ते सगळं लख्ख दिसलं. आपण लिहिलेलं वाचून लोकांची फसगत होते, एवढंच तिला आजवर वाटत होतं, आणि फसणाऱ्यानेही जरा डोळे उघडे ठेवावेत असं तिचं मत होतं. पण ही बाई स्वतःलाच नालायक ठरवून बसली होती. ठकीच्या एका खुशीच्या वाक्यापायी.

“तिचा नंबर नाही,” ठकी म्हणाली. “अशी कुणी बाईच नाही. ती मी लिहिली.”

बाईंना आधी कळलंच नाही. ठकीने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. काका सगळ्यांवर ओरडतात, हेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या, पण त्यांचा राग काकांसारखा नव्हता. आवाज उलट खाली गेला.

“म्हणजे इतके दिवस मी एका नसलेल्या बाईशी स्पर्धा करत होते,” त्या म्हणाल्या. “आणि हरत होते.”

ठकीने माफी मागितली. बाईंनी ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. पदराची टाचणी नीट केली आणि उठून गेल्या.

ठकी सरळ आत गेली. आत्या जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. तिच्या समोरच लॅपटॉप उघडून ठकी बसली. एकेका अकाउंटमध्ये शिरायची, आपलं लिहिलेलं शोधायची आणि पुसायची. बँक अधिकारी गेला. ऱ्हस्व-दीर्घवाला मुलगा गेला. पंख्याची तक्रार करणारा गेला. पन्नाशीतली बाई पुसताना मात्र बोट जरा थबकलं, कारण वाक्य खरोखरच चांगलं होतं. मग तेही गेलं.

काका आले तेव्हा ती अर्ध्यावर होती. कुणा शिकाऊ मुलाने त्यांना सांगितलं होतं की तुमचे स्टार भराभर गळतायत. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं आणि ठकीने सांगितलं. मी लिहिलेले सगळे काढतेय.

काका लगेच ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि नव्या गिऱ्हाइकाला समजावतात तसं समजावू लागले. सगळेच हे करतात. त्या दुसऱ्या बाईंचे स्टार काय आभाळातून पडले? लोक दुधखुळे नसतात, वाचतात आणि त्यातलं निम्मं सोडून देतात. ही जाहिरात आहे, आणि जाहिरातीत कोण खरं बोलतं?

“जाहिरातीवर तुमचं नाव असतं,” ठकी म्हणाली. “बाहेरच्या बोर्डवर लिहा ना, आमच्यासारखं स्कूल दुसरं नाही. ते तुमचं बोलणं झालं. ज्याला पटेल त्याला पटेल. मी गिऱ्हाईक होऊन गिऱ्हाइकाशी बोलले, काका. ते वेगळं आहे.”

मग मात्र काका सुटले. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, म्हणाले. कॉलेजात दोन बुकं वाचून नाकाने कांदे सोलायला शिकलीस, म्हणाले. ते लिहिताना तूच खुदुखुदू हसत होतीस, तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल, असंही म्हणाले. हे शेवटचं ठकीला लागलं, कारण ते खरं होतं.

“हो, हसत होते,” ती म्हणाली. तिचं बोट थांबलं नाही. “माझं हसणं मीच पुसतेय. तुमचं काही पुसत नाही.”

काकांनी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. तेवढ्यात आत्याने विचारलं की पडद्यावर आपलं नाव कसं दिसतंय. काकांनी हात मागे घेतला. आत्याचा मोबाइल घरात सगळे वापरत. त्याचा पासवर्ड कामाला येणाऱ्या मावशींनाही पाठ होता. त्यावरून काही लिहावं, यात ठकीला तेव्हा काहीच वावगं वाटलं नव्हतं. तिने लॅपटॉप आत्याकडे वळवला. आत्याने हात पुसले आणि सावकाश वाचलं. ‘स्टिअरिंग पहिल्यांदाच हातात घेतलं. सरांनी इतक्या शांतपणे शिकवलं की काही दिवसांत मी सराईत झाले.’

लग्नानंतर नवीनच असताना काकांनी आत्याला गाडी शिकवायला घेतली होती. पहिल्याच वळणावर ते असे ओरडले की आत्या गाडीचं दार उघडं टाकून चालत घरी आली आणि त्या सीटवर पुन्हा कधी बसली नाही. काका हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगत आणि पाहुणे हसत. आत्याही हसे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

“मला गाडी येत नाही,” आत्या म्हणाली. “माझ्या नावाने, मला न विचारता, दोघं मिळून खोटं बोललात. ते आधी काढ.”

दोघं, असं ती म्हणाली. ठकीची मान खाली गेली. तिने ते काढलं. काका ऑफिसात निघून गेले आणि आत्या पुन्हा मटार सोलू लागली, पण दाणे आणि सालं एकाच भांड्यात पडत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. काकांनी ठकीशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी आत्याला सांगत की तिला म्हणावं मीठ दे. फोनवरून वडील म्हणाले की मोठ्या माणसाचा मान ठेवावा, माफी मागून मोकळी हो. माफी ज्यांची मागायची त्यांची मागितली आहे, काकांची मागणार नाही, असं ठकीने सांगितलं.  नीट जेवतेस ना, एवढंच विचारून वडिलांनी फोन ठेवला. वसतिगृहात जागा आहे का, याची चौकशीही ठकीने गुपचूप करून ठेवली. घालवलंच तर जायची तयारी होती. हे मात्र नक्की होतं की कुणी घालवलं तरी ते पुसलेलं पुन्हा लिहायचं नाही.

सरांना तिने सगळं खरंखुरं लिहून दिलं. आपण लॉग-इन करतो ती आपली सही असते आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून लिहिलेलं म्हणजे दुसऱ्याची खोटी सही, असं त्यात होतं. तोंडाने मारलेली थाप वाऱ्यावर जाते, पण तिथे लिहिलेली थाप आपण झोपलो तरी लोकांशी बोलत राहते, असंही होतं. सरांना लेख इतका आवडला की तो कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचं ठरलं. फक्त जरा सौम्य कर, असं ते म्हणाले. ‘मी लिहिले’ऐवजी ‘असे रिव्ह्यू लिहिले जातात’ असं म्हणता येईल. ठकी म्हणाली की लिहिले जात नाहीत सर, कुणीतरी लिहितं. टाकायचा तर तसाच टाका. तो वेबसाइटवर गेला नाही. ठकीला त्याचं फारसं दुःखही झालं नाही.

शिवणक्लासच्या बाई त्या दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊ लागल्या होत्या. त्यामुळे तिथल्या मालकीणबाईंच्या कानावर सगळं गेलं आणि एक दिवस त्यांनी ठकीला वाटेत गाठलं. खूप कौतुक केलं. मग म्हणाल्या की हे सगळं जरा इंटरनेटवर लिही ना, घरातल्या मुलीनेच सांगितलं की लोकांचा विश्वास बसेल. ठकीच्या लगेच लक्षात आलं. काकांनी जे मागितलं होतं तेच ही बाई मागत होती, फक्त उलट्या बाजूने.

“मी आता कुणासाठीच लिहीत नाही,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी खोटं नाही, आणि तुमच्यासाठी खरंही नाही.” आणि चालू लागली.

नंतर काही आठवड्यांनी शिवणक्लासच्या बाईंनी स्वतःच्या नावाने काकांच्या स्कूलला दोन स्टार दिले. ‘ज्ञान पक्कं आहे. पण ओरडल्यामुळे शिकणारा येतं तेही विसरतो. इथली आधीची स्तुती खोटी होती. ती आता काढली आहे, म्हणून दुसरा स्टार.’ काकांनी ते वाचलं. संध्याकाळभर येरझाऱ्या घातल्या. मग ठकीच्या समोर येऊन बसले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलले. याला खाली उत्तर द्यायचं आहे, म्हणाले.

“तुम्ही सांगा, मी टाइप करते,” ठकी म्हणाली. “पण शब्द तुमचे.”

काकांनी सांगितलं. तुमच्यासारख्यांनी सुईदोराच चालवावा, गाडी तुमचं काम नव्हे. ठकीने जसंच्या तसं टाइप केलं आणि बातम्या वाचतात तशा सपाट आवाजात वाचून दाखवलं. काका खिडकीकडे बघत राहिले. पुसून टाक, म्हणाले. मग सांगितलं की आमच्याकडे कुणावरही ओरडलं जात नाही. ठकीने तेही लिहिलं, तेही वाचलं. स्वयंपाकघरात आत्याला ठसका लागला. पुसून टाक, काका म्हणाले.

“तूच लिही की काहीतरी बरंसं,” ते शेवटी म्हणाले. “तुला जमतं.”

“जमतं,” ठकी म्हणाली. “पण लिहिणार नाही.”

काकांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिनेही पाहिलं. मग काकांनी लॅपटॉप स्वतःपुढे ओढला. जाडजूड बोटाने एकेक अक्षर शोधत बसले. मध्ये दोनदा सगळं पुसलं. आत्याने चहा आणून ठेवला तो निवला. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं: ‘मी ओरडतो. खरे आहे. शेजारी नवा माणूस गाडी चालवतो तेव्हा मलाच भीती वाटते. ओरडणार नाही असे वचन देत नाही. प्रयत्न करीन. ओरडलो तर गाडी थांबवून उतरून जावे.’ मग ‘भीती’ची वेलांटी बरोबर आहे का, एवढं विचारलं. ठकीने होय म्हटलं. बटण काकांनी स्वतःच दाबलं.

शिवणक्लासच्या बाई परत आल्या नाहीत. त्या तिकडे शिकल्या आणि चांगल्या शिकल्या, असं कळलं. काकांच्या स्कूलचे स्टार पुष्कळ दिवस खालीच राहिले. पण एके सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ ऑफिसच्या दारात उभे राहिले आणि आत यायच्या आधीच त्यांनी विचारलं की ओरडणारे सर तुम्हीच का.

काकांनी एकदा ठकीकडे पाहिलं. ती कॉलेजला निघण्यासाठी चपला घालत होती. तिने मदतीला एकही शब्द पुरवला नाही.

“मीच,” काका म्हणाले. “या, बसा.”